पूजेला लावलेला तराजू

हंबीरराव : न्हाई बाई, त्याला हात लावू नका. पूजेला लावलाय त्यो.

मनोरमाबाई : हंबीरराव, हा रसायनाचा तराजू आहे. दुकानातला नाही.

हंबीरराव : म्हून तर पयला मान त्याला दिला. आज खंडेनवमी. घरोघर नांगर, विळे, कोयते धुऊन पाटावर मांडल्यात. कालिजाचं हत्यार काय तेवढं तसंच पारोसं ठेवायचं?

मनोरमाबाई : तुम्ही या प्रयोगशाळेचे शिपाई आहात. पुजारी कधी झालात?

हंबीरराव : पुजारी न्हाई. म्या नुसतं कुलूप काढून दिलं. पूजा बायांनी केली. रंगूबाई आली, हरणाबाई आली, सगळी वरची आळी आली. त्यांनी घराघरातनं गुळाच्या ढेपा दिल्या, त्या सांगलीच्या पेठेत गेल्या, तवा ह्यो ताजवा आला. मग मालक कोण? तुमी का मी?

मनोरमाबाई : मालक गावच. त्याला माझी ना नाही. पण कुंकू थेट पारड्यावर?

हंबीरराव : दोनी पारड्यांवर लावलंय. एका बाजूला दुजाभाव नको.

मनोरमाबाई : बोट कुणाचं होतं?

हंबीरराव : एका पारड्याला रंगूबाईचं, एकाला हरणाबाईचं.

मनोरमाबाई : झालं. हरणाबाईंचं बोट केवढं आहे ते मी पाहिलंय. अहो, हा तराजू डोक्याच्या केसाचं वजन दाखवतो.

हंबीरराव : दाखवंना का. तुमाला अजून ती बाटली दिसली न्हाई वाटतं. कपाटातल्या त्या बाटलीला हळद लावली, तर हळद लालभडक झाली! रंगूबाईनं तितंच हात जोडलं. म्हनली, देवीनं कौल दिला.

मनोरमाबाई : बाटलीवर सोडा ओघळलेला होता. सोड्यानं हळद लाल होते.

हंबीरराव : सोडा असंल. पर कौल म्हून घ्यायला काय हरकत हाय? उद्या दसऱ्याला नारळ फोडला का पूजा उचलू. परवा धुवू, पुसू, चकाचक करू. सायन्सच्या वर्गासाठीची पुण्याची समिती तर सोमवारी यायची हाय.

मनोरमाबाई : समिती आज येतेय.

हंबीरराव : आँ?

मनोरमाबाई : प्रिन्सिपॉलसाहेबांना तार आली, म्हणून तर मी धावत आले. त्यांचं सांगलीचं काम लवकर आटपलं. दसऱ्याला पुण्याला घरी पोचायचंय, तर जाता जाता आपलं कॉलेज बघून जातील.

हंबीरराव : नवमीला? घरदार न्हाई का त्येनला?

मनोरमाबाई : आहे म्हणूनच आज येतायत.

अकिला : बाई! बाई, खरं का? प्रिन्सिपॉलसाहेब टोपी शोधतायत आणि टोपी त्यांच्या डोक्यावरच... या अल्ला! हे काय झालंय इथं?

हंबीरराव : ये अकिला. जैनुद्दीन कल्हईवाल्याची लेकच तेवढी यायची ऱ्हायली हुती. पूजा हाय, पोरी. पाया पडायची सक्ती न्हाई.

अकिला : काका, तराजूच्या पेटीवर झेंडूची माळ! आणि नळ्यांना सुद्धा कुंकू? बाई, मी स्पिरिट आणते. घासून पुसून होईल, मोटार यायच्या आत होईल.

हंबीरराव : पुसायचं नाव काढू नगस.

अकिला : मला कळतं हो. अब्बांनीसुद्धा आज भात्याला फूल वाहिलंय. कडेगावात आमच्या आळीत आज कुणी हत्यार धरत नाही, मग ते एकटेच कशाला धरतील? पण आज समिती आहे ना!

हंबीरराव : मग बघू दे की समितीला. झाकण्यासारखं काय हाय? माळावर पत्र्याच्या दोन खोल्या हुत्या, तितं आता केवढं कालिज झालं. आर्टाचा वर्ग हाय, सुईणींचा वर्ग हाय. पलटणीतनं सुटून आलेल्या गड्यांचा सांजचा वर्ग हाय. माझ्या पलटणीतला नाथाजी तितंच वाचाय शिकला, आता हातातला पेपर सोडंना. बाई शेताची माती तपासून देत्यात, हिरीचं पानी तपासून देत्यात. आता एक सायन्सचा वर्ग न्हाई निघाला तर काय आभाळ कोसळतंय?

अकिला : काका, तो एक वर्ग म्हणजे मी.

हंबीरराव : म्हंजे?

अकिला : आर्टाच्या वर्गात मी नुसती दिवस काढतेय. कॉलेज सुटलं की बाईंजवळ येऊन हे शिकतेय, कधीतरी इथं सायन्स निघेल म्हणून. सांगलीला राहून शिकवायची अब्बांची ऐपत नाही, आणि तिथं आमच्या नात्याचं कुणी नाही. उर्दू शाळेत मला मास्तरीण म्हणून घेतायत. अब्बा म्हणाले, इथं वर्ग निघणार असेल तर मी त्यांना नाही म्हणतो. नसेल तर दिवाळीनंतर कामाला लाग.

हंबीरराव : मास्तरीण काय वाईट हाय?

अकिला : वाईट नाही. पण मला डॉक्टर व्हायचंय. अम्मीचा कान दुखत होता, तर ती पुरुष डॉक्टरपुढं जाईना. अंगावर काढलं. आता डाव्या बाजूनं हाक मारली तर तिला कळत नाही. अशा किती जणी आहेत आमच्याकडं, तुमच्याकडं.

मनोरमाबाई : आणि हंबीरराव, समिती मागच्या खेपेला नको म्हणून गेली, कारण आपल्याकडं तराजू नव्हता. या खेपेला नको म्हटलं तर पुन्हा लवकर विचारता यायचं नाही. तिथवर ही थांबू शकत नाही.

हंबीरराव : पोरीचं ऐकून जीव तुटतोय. पर म्या त्या बायांना शबूद दिलाय. उद्यापातुर हितलं काय बी हलनार न्हाई, आसं बोललोय. त्या देवळात गेल्यात, परततानी पुन्यांदा डोकावणार. पुसलेलं बघितलं तर काय म्हणतील? आन् खरं सांगू का बाई, माझं बी मन घेत न्हाई.

अकिला : काका, तुम्ही पलटणीत हवालदार होता. तिथं नवमीला बंदुका पूजेला लावायचा ना?

हंबीरराव : व्हय तर. इटलीत लावल्या हुत्या. फुलं न्हवती, तर जैतुनाचा पाला वाहिला.

अकिला : आणि पूजा मांडलेली असताना दुश्मन आला असता तर?

हंबीरराव : तर उचलल्या असत्या बंदुका. देवीला माफी मागितली असती.

अकिला : मग? समिती आली!

हंबीरराव : समिती दुश्मन न्हवं, गं. पावणं हाईत. पावणं आलं म्हून पूजेतली बंदूक कुणी दाखवाय काढतंय व्हय?

अकिला : हरले मी. बाई, तुम्हीच बोला.

मनोरमाबाई : हंबीरराव, मला एकच नीट सांगा. चालत नाही ते नेमकं काय? तराजू वापरणं, का तो जागचा हलवणं?

हंबीरराव : जागा सोडायची न्हाई. हळदकुंकू पुसायचं न्हाई. फूल काढायचं न्हाई.

मनोरमाबाई : जागेवर राहून दांडी वरखाली झाली तर?

हंबीरराव : जाग्यावरच?

मनोरमाबाई : जागेवरच. कुंकवासकट, माळेसकट.

हंबीरराव : आता... देवळातली घंटा बी हलतीच की. जागा कुठं सोडती? चालंल. त्याला हरकत न्हाई. पर तुमीच म्हनला, कुंकवानं वजन चुकतंय.

मनोरमाबाई : कुंकू ओलं लावलं होतं, आता वाळून घट्ट बसलंय. झडणार नाही. अकिला, पारडी सारखी नसली तर वजन कसं करायचं?

अकिला : बदलीनं! पावसाळ्यात केलं होतं आपण. काका, ऐका. डाव्या पारड्यात वस्तू ठेवायची. उजव्या पारड्यात बारीक वाळू घालत जायची, काटा मध्यावर येईपर्यंत. मग वस्तू उचलायची, वाळूला हात लावायचा नाही. वस्तूच्या जागी वजनं ठेवत जायची, काटा पुन्हा मध्यावर आला की झालं. जी वजनं लागली तेच वस्तूचं वजन.

हंबीरराव : आन् कुंकू?

अकिला : कुंकू दोन्ही वेळा तिथंच. ते ना वस्तूच्या बाजूनं, ना वजनांच्या.

हंबीरराव : पंचासारखं म्हन की. नुसतं बसून ऱ्हायचं.

मनोरमाबाई : अगदी तसं. वाळू चाळून ठेवलेली आहे ना, अकिला? चिमटा पूस. चिमट्याला कुंकू नाही ना लावलं कुणी?

हंबीरराव : चिमटा दिसला न्हाई, न्हाईतर त्याला बी लावलं असतं.

(दुपार. समिती आत आहे. प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलेलं. बाहेर ओसरीवर मनोरमाबाई आणि हंबीरराव. मनोरमाबाईंना बसवत नाही; आणि उभं राहिलं की खिडकीतून आतलं दिसतं, तेही बघवत नाही.)

हंबीरराव : तुमाला भायेर का काढलं?

मनोरमाबाई : समितीचे मोठे साहेब म्हणाले, वजन तुमची विद्यार्थिनी करील, बाई बाहेर थांबतील. मी डोळ्यांनी खुणा करीन असं वाटलं असेल.

हंबीरराव : केल्या असत्या का?

मनोरमाबाई : केल्या असत्या.

हंबीरराव : मग बरं केलं त्येंनी.

मनोरमाबाई : हो. बरंच केलं.

हंबीरराव : कुंकू बघून काय म्हनलं?

मनोरमाबाई : मोठे साहेब हसले. त्यांच्याबरोबरचे ते चष्मेवाले साहेब हसले नाहीत. म्हणाले, ही प्रयोगशाळा आहे की देवघर?

हंबीरराव : मग तुमी?

मनोरमाबाई : म्हटलं, प्रयोगशाळा आहे, आणि आज नवमी आहे. पारड्यांवरचं कुंकू सारखं नाही, ते आम्ही पुसणार नाही. तरी वजन बरोबर करून दाखवू. मग त्यांनी बोटातली अंगठी काढली आणि अकिलापुढं धरली. म्हणाले, करा.

हंबीरराव : अंगठी दिली म्हंजे इस्वास हाय.

मनोरमाबाई : विश्वास नाही, परीक्षा आहे. तिचं झाल्यावर ते स्वतः करून बघणार.

हंबीरराव : बाई, माझ्यापायी हे समदं...

मनोरमाबाई : आत्ता नको, हंबीरराव. आत्ता ती वाळू घालतेय.

हंबीरराव : ...झालं?

मनोरमाबाई : काटा हलतोय अजून. थांबलीय ती. थांबायलाच हवं, काटा स्थिरावल्याशिवाय पुढं जायचं नाही. हं. छान. आता अंगठी उचलेल. चिमट्यानं, अकिला, चिमट्यानं. हां. उचलली.

हंबीरराव : तुमी खिडकीशी पुटपुटतायसा ते आत ऐकू जाईल.

मनोरमाबाई : वजनं ठेवतेय. मोठ्यापासून लहानाकडं. बरोबर. आणि... अरे देवा.

हंबीरराव : काय झालं?

मनोरमाबाई : पाकळी पडली. माळेतली. पेटीचं दार उघडं होतं, उजव्या पारड्यातच पडली. वाळूवर.

हंबीरराव : उचलली की तिनं चिमट्यानं. म्या बी बघितलं. मिटलं.

मनोरमाबाई : नाही मिटलं. माळेवर पाणी शिंपडलं होतं तुम्ही?

हंबीरराव : शिंपडलं की. आत्ताच, मोटार यायच्या आधी. फुलं ताजी दिसावीत म्हून.

मनोरमाबाई : मग पाकळीचं पाणी वाळूत उतरलं असणार.

हंबीरराव : आवं, कणभर पान्यानं काय हुतंय?

मनोरमाबाई : पाण्याचा थेंब केसाहून जड असतो. आता ती वाळू पहिल्यासारखी राहिली नाही. आणि मोठे साहेब घड्याळ बघतायत.

हंबीरराव : पोरीला कळलं असंल का?

मनोरमाबाई : माहीत नाही. तसंच पुढं नेलं तरी आकडा येईल. पण खोटा येईल. चष्मेवाल्यांना खरा येईल, आणि मग तिला कुणी विचारणार नाही.

हंबीरराव : काय करतीया?

मनोरमाबाई : उभी आहे.

हंबीरराव : नुसती?

मनोरमाबाई : नुसती. पारड्याकडं बघतेय. मी बाहेर आहे हेच बरं, हंबीरराव. आत असते तर मी ओरडले असते.

हंबीरराव : आता?

मनोरमाबाई : वजनं उतरवतेय. सगळी. उजवं पारडं जागेवरच तिरपं केलं तिनं. वाळू ओतून टाकली! फडक्यानं टिपतेय...

हंबीरराव : कुंकू पुसलं?

मनोरमाबाई : नाही हो, कडेकडेनं टिपतेय. कुंकू आहे तसंच आहे. आता डबीतली कोरडी वाळू घेतेय. हंबीरराव, ती पहिल्यापासून सुरू करतेय!

हंबीरराव : साहेब काय म्हनत्यात?

मनोरमाबाई : मोठे साहेब काहीतरी बोलले. घड्याळावर बोट ठेवलं. तिनं... तिनं नुसता हात वर केला. थांबा म्हणून.

हंबीरराव : समितीला?

मनोरमाबाई : समितीला.

हंबीरराव : जैनुद्दीनचीच हाय. भांड्याला कुठं काळा डाग ऱ्हायला तर त्यो बी गिऱ्हाईक ताटकळत ठेवतो. फौजदाराला बी उभा केला हुता एकदा, घागरीपायी. बाई, तुमी बसा जरा.

मनोरमाबाई : नको.

हंबीरराव : मग पानी तरी प्या.

मनोरमाबाई : द्या. आता मी खिडकीत बघत नाही. तुम्ही बघा आणि मला सांगा.

हंबीरराव : मला त्यातलं काय कळतंय?

मनोरमाबाई : म्हणूनच तुम्ही बघा.

हंबीरराव : बरं. बसलीया. काय घालतीया. घाई न्हाई, येवढं दिसतंय. आता अंगठी काढली. बारकं बारकं ठेवतीया काय तरी. आता कागदावर लिवलं. आता चष्मेवालं उठलं... तिला बाजूला केलं, सोता बसलं. टोपी काढून ठेवली. लय वाकून बघत्यात.

मनोरमाबाई : पुढं?

हंबीरराव : अजून वाकून बघत्यात. आता लिवलं. दोनी कागद शेजारी धरलं. आता मोठ्या साहेबांकडं दिलं. पोरगी भिताडाला टेकून हुबी हाय. आता तिला काय तरी इचारत्यात, लई येळ बोलत्यात... बाई, दार उघडतंय.

अकिला : बाई...

मनोरमाबाई : आधी सांग, वाळू का बदललीस?

अकिला : पाकळी ओली होती.

मनोरमाबाई : बरं. आता बाकीचं सांग.

अकिला : जुळलं! चष्मेवाल्या साहेबांचं आणि माझं, शेवटच्या आकड्यापर्यंत. मग मोठ्या साहेबांनी विचारलं, मधेच सगळं का ओतून टाकलंस, आम्हाला उशीर होतोय हे दिसत नव्हतं का? मी म्हटलं, दिसत होतं.

हंबीरराव : एवढंच म्हनलीस?

अकिला : मग काय म्हणू? खरंच दिसत होतं. ते एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, संपलं. मग म्हणाले, जूनपासून सायन्सचा वर्ग काढायला आमची हरकत नाही, प्रिन्सिपॉलना बोलवा. बाई, मी बोलवायला जाऊ लागले तर ते आतल्या दारामागंच उभे होते.

मनोरमाबाई : जूनपासून? असंच म्हणाले? जूनपासून?

अकिला : असंच म्हणाले. हुकूम मागून पुण्याहून येईल, पण अडचण नाही म्हणाले. आता आत चहा चाललाय. प्रिन्सिपॉलसाहेब साखर घालायची विसरलेत आणि समिती तशीच पितेय.

मनोरमाबाई : मी आता बसते.

हंबीरराव : बसा, बसा. कवाधरनं सांगतोय.

मनोरमाबाई : मगाशी मी खिडकीला नाक लावून उभी होते. हे कुणाला सांगू नका.

अकिला : आतून दिसत होतं, बाई. म्हणून तर मी खिडकीकडं बघितलं नाही.

हंबीरराव : आन् ते देवघर म्हननारं? ते काय म्हनलं शेवटी?

अकिला : म्हणाले, पुढच्या वर्षी माळ जरा लांब बांधा.

हंबीरराव : बांधू की. त्यांच्या मोटारीला बी एक बांधलीया. हळदकुंकू लावलंय, चाकाखाली लिंबू ठेवलंय.

मनोरमाबाई : कधी?

हंबीरराव : ते आत शिरलं आन् तुमी तोंड धुवाय गेला, तवा. आज गाडी बी हत्यारच की. आता उद्यापातुर तिनं जागा सोडायची न्हाई.

अकिला : काका!

हंबीरराव : चेष्टा केली गं. जाऊ देतो. चाकं काय, घंटेसारखी जाग्यावर थोडीच फिरणार हाईत. पर लिंबावरनं गाडी नेली पायजे हां, तेवढं मी डायवरला सांगतो.

मनोरमाबाई : सांगा. आणि हंबीरराव, बाया देवळातून परत आल्या की त्यांना आत घेऊन या. पूजा कशी होती तशी आहे, ते त्यांच्या डोळ्यांनी बघू देत. उद्या अकिला त्यांना वजन करून दाखवील.

हंबीरराव : कशाचं?

मनोरमाबाई : त्या सांगतील त्याचं. पण आधी तू कडेगावला जा, अकिला. सर्व्हिस मोटार आहे ना आत्ता?

अकिला : आहे. अब्बा आज घरीच असणार. भाता बंद, त्यामुळं सकाळपासून अम्मीच्या कामात लुडबुड चालली असेल. मी अम्मीच्या उजव्या कानाशीच जाऊन सांगते. नाहीतर मला तिथं ओरडावं लागेल आणि सगळ्या आळीला कळेल.

हंबीरराव : कळू दे की. चोरीमारी केलीस का काय?

अकिला : बाई, एक विचारू? उर्दू शाळेला नाही कळवायचं ना आता?

मनोरमाबाई : कळवायचं. नाहीच कळवायचं. म्हणजे, नाही म्हणून कळवायचं. बघ, मला धड बोलता येत नाहीये.

अकिला : आणि अजून एक. सायन्सला नाव घालणार म्हणणारी आत्ता तरी मी एकटीच आहे.

हंबीरराव : येतील की. माझ्या शेजाऱ्याचा थोरला मॅट्रिकला हाय. त्येला बैलांमागं फिरायचा लय कंटाळा.

अकिला : पण जूनपर्यंत दुसरं कुणी नाहीच आलं तर, बाई?

मनोरमाबाई : तर हजेरी लवकर आटपेल.